अमक्याचा मुलगा तमका : हिब्रू धर्मग्रंथात एवढ्या वंशावळी कशाला?

इस्रायल आणि आखाती देशांच्या बातम्यांत ‘अब्राहम करार’ हे नाव सारखं कानावर पडतं. सप्टेंबर २०२० मध्ये इस्रायल, संयुक्त अरब अमिरात आणि बहारीन यांनी वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या केल्या. दूतावास, विमानसेवा, व्यापार असल्या रोखठोक व्यवहारांना एका पुराणपुरुषाचं नाव का दिलं असेल? वंशावळीमुळे. ‘उत्पत्ती’ या पुस्तकानुसार अब्राहामाला हागारेपासून इश्माएल झाला आणि सारेपासून इसहाक. ज्यू आपलं मूळ इसहाकाकडे नेतात, अरब परंपरा इश्माएलाकडे. म्हणजे हे सगळं भाऊबंदकीचं प्रकरण आहे आणि भाऊबंद कधी तरी एका ओसरीवर बसू शकतात, असं ते नाव सुचवतं. त्याच पुस्तकात एक छोटं वाक्य आहे : अब्राहाम वारला तेव्हा इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून त्याला मखपेलाच्या गुहेत पुरलं. ही जागा वेस्ट बँकेतल्या हेब्रोनमध्ये दाखवतात. आज तिथे ज्यूंचा भाग वेगळा आणि मुसलमानांचा वेगळा आहे.

पण हेच पुस्तक कुतूहलाने हातात घेतलं की पाचव्याच अध्यायात गाडी अडते. अमका इतकी वर्षं जगला, त्याला तमका झाला, मग आणखी इतकी वर्षं जगला, मग मेला. पुढचा. असे एकामागून एक दहा जण. दहाव्या अध्यायात देशोदेशीची नावं, अकराव्यात पुन्हा दहा पिढ्या. ‘पहिला इतिहास’ हे पुस्तक तर ‘आदाम, शेथ, अनोश’ अशा नुसत्या नावांनीच उघडतं आणि सलग नऊ अध्याय बहुतेक नावंच देत राहतं. वाचक ही पानं उलटून पुढे जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. तरी माझ्या मते त्या समाजाचा खरा व्यवहार याच पानांत आहे. जमीन कोणाची, मंदिरात सेवा कोणाची, शेजारचं राज्य आपलं कोण लागतं, मुलगी कुठे द्यायची, याचे निवाडे तिथे नावांच्या रूपात लिहून ठेवले आहेत.

हिब्रू धर्मग्रंथ म्हणजे ज्यूंचा ‘तनाख’. ख्रिस्ती लोक हीच पुस्तकं थोड्या वेगळ्या क्रमाने ‘जुना करार’ म्हणून वाचतात. नावं इथे मराठी बायबलातल्यासारखी ठेवली आहेत.

वंशावळीचे दोन प्रकार

पहिली सरळ वंशावळ : आजोबा, बाप, मुलगा, नातू, एका रेघेत. मधले भाऊ-बहीण ‘आणखी मुलगे व मुली झाल्या’ एवढ्यात संपतात. दुसरी फांद्यांची : एका बापाचे चार मुलगे, चौघांचे पुन्हा चार-चार. इसहाकाचा मुलगा याकोब, त्याचे १२ मुलगे आणि त्यांच्यापासून इस्राएलाचे १२ वंश, हे या प्रकाराचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण.

दोन्ही प्रकारांचं काम वेगळं आहे. फांद्यांची वंशावळ आज हयात असलेल्या गटांचं आपापसातलं नातं सांगते. सरळ वंशावळ शेवटच्या माणसाचा पहिल्याशी धागा जोडते, म्हणजे त्याला गादीवर किंवा वेदीपाशी बसायचा हक्क कुठून आला ते दाखवते. यादी समोर आली की ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहावं, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

फांद्यांची यादी नकाशासारखी वाचावी

उत्पत्तीचा दहावा अध्याय घ्या. जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचे तीन मुलगे शेम, हाम आणि याफेथ, आणि त्यांच्यापासून निघालेली ७० नावं. या ‘माणसां’त मिसर आहे, कनान आहे, कूश आहे. मिसर म्हणजे इजिप्त, कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख. सीदोन हे बंदराचं गाव, तोही कनानाचा थोरला मुलगा म्हणून येतो. त्या काळी ठाऊक असलेलं सगळं जग एका घराण्यात बसवलेलं आहे. शेजाऱ्यांबद्दलचं मतही उत्पत्तीतल्या अशाच नात्यांतून कळतं. एदोमी लोक याकोबाच्या जुळ्या भावाचे, एसावाचे वंशज, म्हणजे सख्खे पण कटकटीचे. मवाबी आणि अम्मोनी हे अब्राहामाचा पुतण्या लोट याला त्याच्याच मुलींपासून झालेल्या मुलांचे वंशज. शेजाऱ्याला नातेवाईक मानायचं आणि त्याच दमात टोमणाही मारायचा, हे एवढ्या कमी शब्दांत फार थोड्यांना जमलं असेल.

मात्र हा सगळा कल्पनेचा खेळ समजू नये. ‘गणना’ या पुस्तकात सलाफहाद नावाच्या माणसाची गोष्ट आहे. तो इस्राएलाच्या मनश्शे वंशातला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. या पाच जणी इस्राएलांचा पुढारी मोशे, याजक (पुरोहित) आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून विचारतात, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव त्याच्या कुळातून का पुसावं? आम्हालाही वतन द्या. निकाल त्यांच्या बाजूने लागतो. पुढे कुळातले पुरुष तक्रार घेऊन येतात की या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीनही त्यांच्याबरोबर जाईल. मग पुरवणी निकाल येतो : लग्न वंशातच करायचं. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. ‘यहोशवा’ या पुस्तकात प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी मनश्शेला दहा वाटे मिळतात, त्यांतले पाच या मुलींचे.

आता १९१० सालात या. शोमरोन म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी. तिथे हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. काळ इ.स.पू. आठवं शतक. मजकूर अगदी कारकुनी : अमुक साली, अमुक भागातून, अमक्याकडे, जुन्या द्राक्षारसाचा एक बुधला किंवा तेलाचा एक बुधला. त्यांतल्या भागांची नावं आहेत अबियेजर, हेलेक, अस्रिएल, शखेम आणि शमीदा. बायबलात मनश्शेच्या सहा पुरुष-कुळांची यादी आहे, तिच्यातली ही पाच. सहावं हेफेर या खापऱ्यांवर नाही. पण हेफेर म्हणजे सलाफहादाचा बाप, आणि त्याच्या जागी त्याच्या दोन नातींची नावं आहेत : नोआ आणि होग्ला. तेल आणि द्राक्षारस पाठवणारे हे खरेखुरे टापू होते. तिरसा तर शोमरोनच्या आधीची राजधानीच.

तेव्हा ‘सलाफहादाला पाच मुली होत्या’ या वाक्यात एका घरातल्या मुलींची कथा आहे आणि डोंगराळ मुलखातल्या वस्त्यांची नोंदही आहे. कोणत्या वस्त्या कोणत्या मोठ्या कुळात मोडतात आणि त्यांचा जमिनीवर हक्क कसा आला, हे ती वंशावळ सांगते. त्या नावांच्या बायका खरोखर होऊन गेल्या का, याचं उत्तर खापऱ्या देत नाहीत. त्या नावांचे मुलूख होते, एवढं नक्की.

सरळ यादी : हक्काचा कागद

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजा नबुखद्नेस्सराने यरुशलेम (जेरुसलेम) पाडलं आणि वरच्या थरातल्या लोकांना धरून नेलं. सुमारे अर्ध्या शतकानंतर पारसिक राजा कोरेश म्हणजेच सायरस याने बाबेल जिंकलं आणि परतायची मुभा दिली. ‘एज्रा’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची यादी आहे. एकूण ४२,३६०.

या यादीच्या शेवटाकडे तीन याजक घराणी येतात : हबाया, हक्कोस आणि बर्जिल्लई. याजक म्हणजे मंदिरात होम-अर्पण करणारे, आणि हे काम फक्त मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशजांचं. या तीन घराण्यांनी आपली नोंद शोधली, ती सापडेना. त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून बाजूला केलं. प्रांताधिपतीने हुकूम दिला की ऊरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत यांनी परमपवित्र अन्नाला हात लावू नये. ऊरीम-थुम्मीम म्हणजे देवाचा कौल घ्यायचं साधन, आणि ते कोणापाशी उरलं नव्हतं. म्हणजे प्रकरण बेमुदत पुढे ढकललं.

जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळ जोडताना पणजोबाची एखादी नोंद मिळावी म्हणून ज्याने तहसील कचेरीतली जुनी दप्तरं उपसली आहेत, त्याला या तीन घराण्यांची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. आपण कोण हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, कागद नसतो.

बर्जिल्लईंच्या नावापुढे कारणही दिलं आहे. त्यांच्या मूळपुरुषाने गिलादच्या बर्जिल्लईची मुलगी केली आणि सासऱ्याचं नाव लावलं. हा बर्जिल्लई दावीद राजा संकटात पळत असताना त्याला रसद पुरवणारा ८० वर्षांचा गडगंज म्हातारा. बड्या सासऱ्याचं नाव लावून फायदा झाला असेल, पण वंशजांचा धागा तिथेच तुटला.

हक्कोसांचं मात्र वेगळं झालं असावं. पुढे प्रांताधिपती झालेल्या नहेम्याच्या काळात यरुशलेमचा तट पुन्हा बांधला गेला, तेव्हा काम करणाऱ्यांत ‘हक्कोसाचा मुलगा उरीया याचा मुलगा मरेमोथ’ दोनदा भेटतो. एज्राच्या पुस्तकात मंदिराचं सोनं-रुपं तोलून घेणारा ‘उरीयाचा मुलगा मरेमोथ’ सरळ याजक म्हणवला आहे. बरेच अभ्यासक हा एकच माणूस धरतात. तसं असेल तर मधल्या काळात या घराण्याचं काम कुठे तरी मार्गी लागलं. कसं, ते ग्रंथ सांगत नाही.

ही शिस्त पुढेही टिकली. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस स्वतः याजक घराण्यातला होता. तो लिहितो की याजकाच्या लग्नाआधी मुलीचं कूळ तपासलं जातं, आणि इजिप्त व बाबेलमधले याजकही आपल्या नोंदी यरुशलेमला पाठवतात.

मग याद्या एकमेकींशी जुळत का नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे आणि उदाहरणं भरपूर आहेत. याजक एज्रा स्वतःला ‘सरायाचा मुलगा’ म्हणवतो. सराया हा मुख्य याजक इ.स.पू. ५८६ मध्येच मारला गेला, आणि एज्रा परंपरेने मानल्या जाणाऱ्या कालगणनेनुसार इ.स.पू. ४५८ मध्ये यरुशलेमला आला. मधल्या पिढ्या सरळ गाळल्या आहेत. एज्राची वंशावळ पहिल्या इतिहासातल्या त्याच घराण्याच्या यादीशी ताडून पाहिली तर आणखी वर एके ठिकाणी सलग सहा नावं कमी भरतात. हक्क सिद्ध करायला अहरोन आणि एज्रा ही दोन टोकं जोडलेली पुरतात, प्रत्येक कडी मोजायची गरज कोणाला वाटली नाही.

शमुवेल संदेष्ट्याचं प्रकरण अधिक बोलकं. त्याच्या स्वतःच्या पुस्तकात त्याचा बाप एफ्राईमच्या डोंगराळ प्रदेशातला. पण शमुवेल देवाच्या मंदिरात वाढला, सेवा केली, आणि ती सेवा पुढच्या काळात फक्त लेवी वंशाची मानली जाऊ लागली. पहिल्या इतिहासात शमुवेल लेवीच्या यादीत दिसतो. मोशेच्या काळातल्या कालेबाचंही तसंच. गणनेत तो कनिज्जी, म्हणजे बाहेरच्या टोळीशी नातं असलेला. इतिहासात कालेब यहूदाच्या थेट वंशात बसवला आहे. त्याचे लोक हेब्रोनच्या आसपास यहूदांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, एकजीव झाले, आणि वंशावळीने ते मान्य केलं.

मानववंशशास्त्रज्ञांना हे नवं नाही. नायजेरियातल्या तिव लोकांच्या वंशावळी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तंटे सोडवायला सोपं जावं म्हणून लिहून घेतल्या होत्या. चाळीसेक वर्षांनी तिव लोक म्हणू लागले, या नोंदी चुकीच्या आहेत. अधिकारी म्हणाले, तुमच्याच वाडवडिलांनी सांगितल्यात. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. मधल्या काळात गटांचे संबंध बदलले होते, आणि तोंडी वंशावळ त्यांच्याबरोबर बदलत गेली होती. कागद मात्र तिथेच राहिला.

सगळ्यात चटका लावणारी विसंगती यहोयाखीन राजाची. हा दक्षिणेकडच्या यहूदा राज्याचा राजा १८व्या वर्षी गादीवर आला आणि इ.स.पू. ५९७ मध्ये कैद होऊन बाबेलला गेला. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्याबद्दल शापवाणी उच्चारली : ‘हा पुरुष निःसंतान आहे असं लिहून ठेवा.’ आणि पहिल्या इतिहासात काय लिहिलं आहे? त्याच्या सात मुलांची नावं. बाबेलच्या उत्खननात राजवाड्याच्या शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. एक पाटी इ.स.पू. ५९२ची. मुलं होती तर. मग शापाचं काय? शापाचा अर्थ ‘याच्या वंशातला कोणी गादीवर बसणार नाही’ असा घ्यायचा, आणि तसं झालंही. पण त्याचा नातू जरुब्बाबेल परतलेल्यांचा पुढारी झाला. यिर्मयाने यहोयाखीनाला देवाने बोटातून उपटून फेकलेली मुद्रेची अंगठी म्हटलं होतं. हाग्गय संदेष्टा याच जरुब्बाबेलाला सांगतो की देव तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करील. हा जरुब्बाबेल एज्राच्या पुस्तकात शल्तीएलाचा मुलगा आहे आणि इतिहासात शल्तीएलाचा भाऊ पदाया याचा. निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करून भावाचं नाव चालवायची प्रथा होती. त्यातून हे घडलं असेल, असा एक जुना खुलासा आहे.

याद्यांची लांबी-रुंदीही पाहण्यासारखी आहे. ‘पहिल्या इतिहासा’त यहूदाला सुमारे १०० वचनं (क्रमांक दिलेली वाक्यं), लेवीला ८१, आणि नफतालीला एक. दान वंशाची यादीच नाही. हे लिहिलं गेलं तेव्हा पारसिक साम्राज्यातल्या छोट्या प्रांतात उरले होते ते मुख्यतः यहूदा, बन्यामीन आणि लेवी. जे समोर होते त्यांची दप्तरं भरली. जे उत्तरेकडचे वंश अश्शूरी (असीरियन) स्वाऱ्यांत पांगले, त्यांचा उल्लेख शक्य तिथे केला, म्हणजे ‘सगळे इस्राएल’ ही कल्पना मोडू नये.

९६९ वर्षं कोण जगतं?

मथुशलह. आदामापासूनच्या दहा पिढ्यांत त्याचं वय सर्वाधिक. उत्पत्तीतले हिब्रू आकडे जोडत गेलात तर जलप्रलय १६५६व्या वर्षी येतो, आणि मथुशलह बरोबर त्याच वर्षी मरतो. शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या प्रतीत हीच बेरीज १३०७ येते. ग्रीक भाषांतरात २२०० च्या पुढे जाते, आणि त्याच्या काही प्रतींत तर मथुशलह जलप्रलयानंतर १४ वर्षं जगतो. नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, तर तो नव्हता. मग पोहत होता की काय, हा प्रश्न जुन्या ख्रिस्ती पंडितांना गंभीरपणे पडला होता, संत ऑगस्टीनलाही. म्हणजे आकड्यांवर प्राचीन काळीच हात फिरले होते.

शेजारच्या मेसोपोटेमियात याहून मोठे आकडे होते. सुमेरी राजांच्या यादीची एक मातीची प्रत ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलिअन संग्रहालयात आहे. तिच्यात पहिला राजा अलुलिम २८,८०० वर्षं राज्य करतो. प्रलय आला की तिथेही राजवटी आखूड होतात. पुरातन माणसं प्रचंड आयुष्याची होती, ही त्या साऱ्या प्रदेशाची समजूत. त्या मानाने ९६९ म्हणजे हात आखडता घेतला. आणि बायबलातला तो म्हाताराही शेवटी ‘मग तो मेला’ या पाच अक्षरी सुरातच संपतो. दहांपैकी हनोख एकटा त्यातून सुटतो : तो देवाबरोबर चालला, मग दिसेनासा झाला, देवाने त्याला नेलं. वय ३६५. एवढी एकसुरी यादी वाचून झाल्यावर हे वाक्य दचकवतं, आणि ते तसं दचकवावं यासाठीच बहुधा बाकीचं एकसुरी आहे.

याच आकड्यांवरून आयर्लंडचा आर्चबिशप अशर याने १७व्या शतकात सृष्टीची सुरुवात इ.स.पू. ४००४ काढली. ज्यू पंचांगाची गणना इ.स.पू. ३७६१ पासून. पृथ्वीचं वय सांगायला त्या याद्या लिहिलेल्या नव्हत्या. भूगर्भशास्त्राशी त्यांचं भांडण आपण लावलं.

यात बायका कुठे आहेत?

कमी, हे खरंच. पण जिथे येतात तिथे थांबून वाचावं. इतिहासाच्या सातव्या अध्यायात एफ्राईमची मुलगी शेरा खालचं आणि वरचं बेथ-होरोन बांधते, आणि आणखी एका गावाला तर तिचंच नाव आहे. बस, एवढंच वाक्य. दुसऱ्या अध्यायात यहूदा वंशातल्या शेशान नावाच्या माणसाला मुलगे नव्हते. त्याने आपली मुलगी यरहा नावाच्या मिसरी गुलामाला दिली. मुलीचं नाव त्या ओळीत नाही, हे खटकतं. मात्र तिथून पुढे १३ पिढ्या यहूदाच्या यादीत मोजल्या आहेत. बाप परदेशी गुलाम, तरी वंश यहूदाचा. हे लपवलेलं नाही, उलट नोंदवून ठेवलं आहे.

आणि रूथ. अनुवाद या पुस्तकात नियम आहे की मवाबी माणूस दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. रूथ मवाबी. तिचा नवरा मेला, ती सासूबरोबर बेथलेहेमला आली आणि सासरच्या नात्यातल्या बवाजाने मृताचं नाव चालावं म्हणून तिच्याशी लग्न केलं. या गोड कथेचा शेवट अचानक दहा नावांच्या कोरड्या यादीने होतो : पेरेस ते दावीद. नवव्या शतकातला असो की विसाव्या, कुठलाही वाचक इथे थोडा बुचकळ्यात पडतो. पण कथेची सगळी मेख तिथे आहे. इस्राएलाच्या सर्वात लाडक्या राजाची पणजी मवाबी निघाली. यादीचा पहिला पेरेसही साधा नाही. तो तामारेला तिच्या सासऱ्यापासून, यहूदापासून झाला, आणि तोही वंश चालावा म्हणून तिने केलेल्या धाडसातून.

म्हणजे शेवटी रक्ताचा अभिमानच ना?

तो होता आणि त्याने माणसं बाहेर ठेवली, हे कबूल केलंच पाहिजे. ज्यू धर्मशास्त्राचा संग्रह ‘मिश्ना’ इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यात बाबेलहून दहा प्रकारच्या कुळांची माणसं आली असं म्हटलं आहे. वरच्या टोकाला याजक, खालच्या टोकाला बाप ठाऊक नसलेला आणि रस्त्यावर सापडलेलं मूल. कोणी कोणाशी लग्न करायचं हे त्यावरून ठरे. वाचताना आपल्याला हे अजिबात परकं वाटत नाही.

पण याच परंपरेने कुळं उकरण्यावर बंधनही घातलं. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, एक मत आहे : जे कुटुंब मिसळून गेलं ते मिसळून गेलं, त्याला आता वेगळं काढू नये. धर्म स्वीकारून ज्यू झालेल्या माणसाला ‘अब्राहामाचा मुलगा’ म्हणतात. १२व्या शतकातला ज्यू धर्मपंडित मायमोनिदीस याला ओबद्या नावाच्या अशाच एका माणसाने विचारलं, की प्रार्थनेत मी ‘आमच्या पूर्वजांचा देव’ म्हणू का, माझे पूर्वज तर वेगळे. मायमोनिदीसने उत्तर पाठवलं : बेलाशक म्हण, अब्राहाम तुझाही बाप आहे.

तालमूदमधली एक अतिशयोक्ती इथे सांगायचा मोह आवरत नाही. ‘पहिल्या इतिहासा’त आसेल या माणसाचं नाव एकदा येतं आणि पुढच्या अध्यायात पुन्हा येतं. या दोन आसेलांमधल्या याद्यांवर पंडितांनी एवढी भाष्यं केली की ती ४०० उंटांवर लादावी लागतील.

डीएनए तपासून सोक्षमोक्ष लावता येईल का?

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. कोहेन, म्हणजे स्वतःला अहरोनाचे वंशज मानणारे ज्यू, यांच्यात बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या काही खुणा इतर ज्यूंपेक्षा जास्त आढळल्या. पुढच्या अभ्यासांत चित्र गुंतागुंतीचं झालं : कोहेनांत एकाहून अधिक पितृवंश निघाले, आणि त्या खुणा ज्यू नसलेल्यांतही सापडल्या. एखाद्या जुन्या समान पूर्वजाची शक्यता यातून दिसते, अहरोनाचं नाव नाही.

शिवाय ग्रंथ स्वतःच रक्ताला अंतिम पुरावा मानत नाही. उत्पत्तीच्या ४८व्या अध्यायात मरणाच्या दारातला याकोब आपल्या दोन नातवांना, एफ्राईम आणि मनश्शे यांना, जवळ घेतो आणि म्हणतो की रऊबेन-शिमोन जसे माझे तसे हे माझे. नातू होते ते मुलगे झाले आणि दोन स्वतंत्र वंश उभे राहिले. हे प्रयोगशाळेत कसं दिसणार?

कोकणातल्यांना विचारलेला प्रश्न

या साऱ्याचा मराठी माणसांशी थेट संबंध एकदा आला. बेने इस्रायल हे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. पुढे ते तेलाचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ झाले. आडनावं पेणकर, किहीमकर, रोहेकर. गाव कुठलं हे त्यांतून चटकन कळतं, १२ वंशांपैकी वंश कुठला हे कळत नाही. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. आई-बापांपैकी एक जण समाजाबाहेरचा असेल त्यांना काळ्यांत धरत. म्हणजे कुळाचा काच त्यांना नवा नव्हता.

इस्रायलमध्ये स्थायिक झाल्यावर लग्नाच्या वेळी अडचण आली. तिथे ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या, म्हणजे रब्बींच्या हातात असतात. बेने इस्रायल शतकानुशतकं इतर ज्यूंपासून दूर राहिलेले. त्यांच्यात घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, बाहेरच्यांशी लग्नं झाली होती का, अशा शंका काढल्या गेल्या. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीने परिपत्रक काढलं की बेने इस्रायल वधू-वराच्या आईची, आजीची आणि त्याही मागची शक्य तेवढी पिढी तपासावी. अलिबाग, पेण, मुरूडच्या खेड्यांतल्या पणजीचा कागद आणणार कुठून? समाज रस्त्यावर उतरला, धरणी धरली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांसारखेच ज्यू आहेत. त्यानंतर धर्मपीठाने परिपत्रकाची भाषा बदलली. समाजाचं नाव काढलं आणि ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असं लिहिलं.